बारा मोटा आणि एक रोजनिशी

(सांगली येथे झालेल्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या सरांनी मला 'बांधकामाचं साहित्य' हा विषय शिकवला. पहिल्या तासाला ते पिशवीतून दोन दगड काढायचे आणि टेबलावर ठेवून हातोडीनं वाजवायचे. एक खणखणीत वाजायचा, दुसरा बदबदायचा. "हा घ्यायचा, हा परत पाठवायचा," एवढंच बोलून ते फळ्याकडे वळायचे. पुढे चौतीस वर्षं मी तोच विषय शिकवला, पण त्या दोन आवाजांपलीकडे फार काही सांगता आलं असं वाटत नाही.

संयोजकांनी यंदा विषय सुचवला तो पिरॅमिडचा. कसा बांधला आणि आत काय आहे. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. पिरॅमिडकडे जाताना मी साताऱ्याजवळच्या लिंब गावावरून जाणार. सांगलीकरांनी हरकत घेऊ नये, परतीच्या वाटेवर सांगली आहेच.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना शहराच्या अलीकडे लिंब फाटा लागतो. तिथून आत शेरेवाडीच्या शिवारात बारा मोटेची विहीर आहे. गिझाचा पिरॅमिड कैरोच्या गच्चीवरूनही दिसतो. ही विहीर शंभर पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. ऊस, पाट, एखादं आंब्याचं झाड, आणि मग एकदम जमीन संपते. माझ्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थ्यानं काठावरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "सर, ही बिल्डिंग कुणीतरी उलटी पुरलीय." मी त्याला त्या वर्षी पैकीच्या पैकी गुण दिले असते, पण तसा नियम नाही.

विहिरीवर शिलालेख आहे. काम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात झालं, आणि ते करवून घेतलं श्रीमंत विरूबाई भोसले यांनी. शाहू छत्रपतींच्या वाड्यात विरूबाईंचा शब्द चालत असे. राणी म्हणून त्यांचं नाव घेतलं जात नाही, पण वाड्याचा कारभार त्यांच्या हाती होता. पंचांग उघडून पाहिलं तर शके १६४१ हे विकारी संवत्सर आणि १६४६ हे क्रोधी. नावं काही शुभ नाहीत, पण विहीर तीनशे वर्षं टिकली. आसपासच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून ती खणली. तिथं तीन हजारांवर कलमं होती असं सांगतात.

माप घ्यायची माझी खोड जात नाही. मुख्य विहीर अष्टकोनी, व्यास सुमारे ५० फूट, खोली ११० फूट सांगतात. अष्टकोनाचं क्षेत्रफळ काढून खोलीनं गुणलं, तर खड्डा सव्वादोन लाख घनफुटांच्या पुढे जातो, म्हणजे साधारण साडेसहा हजार घनमीटर. उतरायची वाट आणि मधला महाल यात धरलेलाच नाही. वरची माती आणि मुरूम सोडून खाली काळा पाषाण लागल्यावर काय हाल झाले असतील, ते ज्यानं आपल्या रानात विहीर पाडलीय त्यालाच कळेल. शिवाय खणून भागत नाही. तेवढाच दगड घडवून पुन्हा आत बसवायचा.

आता खुफू राजाच्या, म्हणजे गिझाच्या त्या थोरल्या पिरॅमिडचं आकारमान बघा. साधारण २६ लाख घनमीटर. लिंबच्या विहिरीसारखे चारशे खड्डे भरतील एवढा दगड त्यात आहे. पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर, आज १३८ च्या आसपास. दगडांची संख्या २३ लाखांच्या घरात धरतात, आणि सरासरी वजन अडीच टन. वीस वर्षं काम चाललं असं मानलं, तर वर्षातला एकही दिवस सुट्टी न घेता रोज तीनशेहून जास्त दगड. दहा तासांचा दिवस धरला तर दर दोन मिनिटांना एक. तुमच्यापैकी ज्यांनी घर बांधलंय त्यांनी आपल्या ठेकेदाराची आठवण काढावी आणि शांतपणे श्वास घ्यावा.

हे आकडे ऐकले की माणसं दोन वाटांनी पळतात. एक वाट परग्रहावर जाते, दुसरी चाबकाखालच्या लाखो गुलामांकडे. दुसरी वाट आपल्याला सिनेमानं दाखवली, आणि तिच्यामागे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस आहे. एक लाख माणसं आणि वीस वर्षं, हा त्याचा हिशेब. पण तो गिझाला गेला तेव्हा पिरॅमिड उभा राहून दोन हजार वर्षं झाली होती. आपण आज सातवाहनांच्या काळातल्या कुणा मजुराची मजुरी तोंडी ऐकून लिहावी, तसलाच हा प्रकार. आजचे अभ्यासक एका वेळी कामावर असलेल्या माणसांचा आकडा वीस-पंचवीस हजारांच्या आसपास धरतात.

त्यांच्याकडे काय होतं? ओळंबा होता, गुण्या होता. मराठी गवंडी ज्याला पाणसळ म्हणतो, तसली सपाटी त्यांनी इतक्या मोठ्या पायावर साधली, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक दोन-अडीच सेंटीमीटर. लोखंड नव्हतं. तांब्याच्या छिन्न्या होत्या, त्या मऊ चुनखडीवर चालतात, ग्रॅनाइटवर नाही. ग्रॅनाइट ते दगडानंच ठेचत. त्यासाठी वापरलेले गोटे डोलेराइटचे. आणि डोलेराइट म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सख्खा चुलतभाऊ, दोघेही शिलारसाचेच, थंड कुठं आणि किती सावकाश झाले एवढाच फरक. मला या गोष्टीचं फार बरं वाटतं. खुफूच्या ग्रॅनाइटवर जे घाव पडले, ते आपल्या भाऊबंदांनी घातले. शिवाय वयातही आपलं घराणं मोठं. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, आणि गिझाची चुनखडी त्यानंतर समुद्राच्या तळाशी साचलेली.

दगड वाहायला घसरगाड्या होत्या. जेहुतीहोतेप नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात, पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांनी रंगवलेलं एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर बसवलेला, १७२ माणसं दोर ओढतायत, आणि गाडीच्या टोकावर उभा एक जण समोरच्या वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं विद्वान म्हणत राहिले की हा धार्मिक विधी असावा. २०१४ साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर प्रयोग केले. बरोबर तेवढंच पाणी घातलं तर ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे तो पुजारी नव्हता, बिगारी होता. कोरड्या वाळूत माणसं दुप्पट लागली असती. विधी समजून ज्यांच्याकडे आपण दुर्लक्ष करतो, त्यांतली किती माणसं खरं म्हणजे कामावर असतात, कोण जाणे.

आता आत जाऊ.

लिंबच्या विहिरीत आत जाणं म्हणजे खाली जाणं. रुंद पायऱ्या उतरत गेलं की कमान लागते, आणि तिथं कोरलेली शरभ-हत्तींची शिल्पं. कमानीतून पुढे गेल्यावर ऊन मागे राहतं आणि भिंती जवळ येतात. वरून पाहिलं तर सगळी रचना शिवलिंगासारखी दिसते. अष्टकोनी विहीर ही पिंडी, आणि उतरायची लांबट वाट म्हणजे तिचं पन्हळ. दोघांच्या मध्ये, जमिनीच्या पातळीखाली, महाल आहे. भिंतीतल्या अरुंद चोरजिन्यानं त्यात चढता येतं. खांबांवर गणपती आहे, मारुती आहे, घोडेस्वार आहेत, हत्ती आहेत. समोरच्या झरोक्यातून थेट विहिरीचं पाणी दिसतं. मे महिन्यात साताऱ्याच्या पेठेत डांबर वितळत असताना या महालात अंगावर काटा येतो. इथं राजेलोकांच्या मसलती होत असं गावकरी सांगतात. मसलती झाल्या असोत वा नसोत, एवढ्या थंडाव्यात भांडण मात्र फार वेळ टिकत नसावं.

या महालात उभं राहून मी मुलांना एकच गोष्ट दाखवायचो, ती म्हणजे कमान. दगड दाबाला हत्ती आहे आणि वाकण्याला मडकं. त्याच्यावर कितीही वजन ठेवा, तो सोसेल, पण दोन टोकांवर आडवा टाकून मध्ये वजन द्या, की खालून तडकेल. कमान काय करते, तर वाकायची वेळच येऊ देत नाही. प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्यावर, आणि वजन तिरकं उतरत पायापर्यंत जातं. आमचे सर म्हणायचे की कमान ही एकत्र कुटुंबासारखी आहे, सगळे एकमेकांना ढकलत असतात म्हणूनच उभी असते.

खुफूच्या माणसांनी पिरॅमिडात कमान वापरली नाही. मग त्यांनी काय केलं, तो माझ्या मते पिरॅमिडातला सगळ्यात देखणा भाग आहे, आणि पर्यटक तो कधी पाहत नाहीत.

पर्यटक ज्या भोकातून आत शिरतात, ते मूळ दार नव्हे. नवव्या शतकात खलिफा अल-मामूनच्या काळात पाडलेला तो बोगदा आहे असं मानतात. मूळ वाट उत्तरेच्या अंगाला, थोडी वर. ती सुमारे २६ अंशांच्या उतारानं खाली जाते, शंभर मीटरहून लांब, आणि जमिनीखाली तीस मीटरवर खडकात खोदलेल्या एका खोलीत संपते. ती खोली अर्धवट आहे. ठोकताना सोडून दिलेले कंगोरे तसेच आहेत. इमारतीच्या पोटात सोडून दिलेलं काम पाहिलं की मला बांधणारी माणसं एकदम ओळखीची वाटतात. साहेबाचं मन बदललं, नकाशा बदलला, चला वर.

वर जाणाऱ्या वाटेत कंबरेत वाकून चालावं लागतं. मग एकदम छत उचललं जातं. हे महादालन. लांबी ४६ मीटरच्या वर, उंची साडेआठ मीटर, आणि रुंदी मात्र वर जाता जाता कमी होणारी. दोन्ही भिंतींचा प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा जरासा पुढे काढलेला, असे सात थर. आपल्या जुन्या दगडी देवळांच्या छतात कोपऱ्यांवर दगड पुढे सरकवत नेऊन मधली फट झाकतात, त्याच कुळातली ही युक्ती. सागरेश्वरला देवदर्शन करून झाल्यावर एकदा मान वर करून पाहा.

महादालनाच्या टोकाला ग्रॅनाइटची खोली आहे, साडेदहा मीटर लांब, सव्वापाच रुंद. हा ग्रॅनाइट आस्वानहून, नाईलमधून सुमारे ८०० किलोमीटर वाहून आणलेला. आत झाकण नसलेली दगडी शवपेटी. ती वर येणाऱ्या वाटेपेक्षा रुंद आहे, म्हणजे खोलीला छत पडायच्या आधीच आत ठेवलेली. छत म्हणजे ग्रॅनाइटच्या नऊ प्रचंड तुळया, सगळ्या मिळून चारशे टनांच्या आसपास. आणि तुळई म्हणजे आडवा दगड, तेच मडकं. तिच्या डोक्यावर वर रचल्या जाणाऱ्या दगडांचं वजन येणार होतं. म्हणून त्यांनी छतावर एक बुटकी पोकळी ठेवली, तिच्यावर पुन्हा तुळया, पुन्हा पोकळी, अशा एकावर एक पाच. सगळ्यात वर चुनखडीचे मोठे दगड तिरपे टेकवून उलट्या 'व्ही'सारखं छप्पर केलं. वरचं वजन त्या तिरप्या दगडांवरून दोन्ही बाजूंना उतरतं. कमानीच्या उंबरठ्यापर्यंत ही माणसं आली होती. खालच्या तुळयांना तरीही तडे गेले. पिरॅमिडची पहिली काटेकोर मोजणी करणाऱ्या फ्लिंडर्स पीट्रीनं १८८० नंतर ते तडे नोंदवले. तेव्हा तो तिशीच्याही आत होता आणि जवळच्याच एका जुन्या थडग्यात मुक्कामाला होता. तडे गेलेल्या त्या तुळया साडेचार हजार वर्षं जागच्या हललेल्या नाहीत.

या पाच पोकळ्यांपैकी सर्वांत खालची १७६५ साली डेव्हिसन नावाच्या इंग्रजाला सापडली. वरच्या चार १८३७ साली हॉवर्ड वाइजनं सुरुंगाची दारू लावून फोडल्या. पुराणवस्तूंत सुरुंग ही पद्धत आज ऐकून पोटात गोळा येतो, पण त्या काळी तो मोठा शोधक समजला जाई. आत त्याला काय दिसलं? सोनं नाही, चित्र नाही. दगडांवर लाल गेरूनं खरडलेली अक्षरं. मापाच्या रेषा, मध्यरेषा, आणि दगड आणणाऱ्या टोळ्यांची नावं. एका टोळीच्या नावाचा अर्थ लागतो 'खुफूचे मित्र'. पुढे मेनकौरे राजाच्या पिरॅमिडावर काम करणाऱ्या एका टोळीनं स्वतःला 'मेनकौरेचे पियक्कड' म्हणवलं. आपल्याकडे तालमींना आणि गणपती मंडळांना नावं असतात ना, तसंच. एका टोळीच्या दगडावर दुसऱ्या टोळीनं हक्क सांगू नये आणि हिशेबात घोळ होऊ नये, यासाठी ती नावं होती. कुणी वाचावीत म्हणून लिहिलेलीच नव्हती. पोकळी बंद झाली आणि ती अंधारात राहिली. ज्या राजासाठी एवढा डोंगर रचला, त्याचं आपल्या हाती आलेलं एक पूर्ण शिल्प बोटभर उंचीचं आहे, हस्तिदंतात कोरलेलं. आणि टोळ्यांची नावं लाल गेरूत, ढळढळीत.

यावर कळस झाला २०१३ साली. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं, फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस म्हणून हे आजवरचे सगळ्यात जुने. त्यात मेरर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं. काम काय, तर नाईलच्या पलीकडे तुरा इथल्या खाणीतून पिरॅमिडाच्या अंगावर चढवायची पांढरी चुनखडी नावेत भरायची आणि पुराच्या पाण्यातून गिझाला आणायची. तारखेवार नोंदी. आज तुऱ्यात मुक्काम, आज दगड भरला, आज निघालो, आज पोचलो. गिझाला ज्याच्या अखत्यारीत माल उतरायचा, त्या अन्खहाफचंही नाव येतं. हा खुफूचा सावत्र भाऊ. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधला म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, परग्रहवासी हजेरी ठेवतात का?

आणि सोबतच्या कागदांत शिध्याचे हिशेब आहेत. धान्य किती आलं, किती बाकी. गिझाला मार्क लेनर आणि झाही हवास यांनी उकरलेल्या कामगारवस्तीत भाकऱ्या भाजायचे साचे सापडले, गुरांची हाडं सापडली, बिअर तर पगाराचाच भाग. १९९० साली एका घोड्याचा पाय अडखळला आणि खाली कामगारांची थडगी निघाली, राजाच्या पिरॅमिडापासून थोड्याच अंतरावर. त्या सांगाड्यांत मोडून पुन्हा नीट जुळलेली हाडं आहेत. म्हणजे कुणीतरी ती बांधली होती, आणि माणसाला बरं होईपर्यंत जेवू घातलं होतं. सुखाचं काम होतं असं मी म्हणत नाही. पाठीच्या मणक्यांची झीज तिथंच दिसते. पण ते मोजलेलं काम होतं, आणि करणारा मोजणीत होता.

इथं मला माझं बोलणं लिंबकडे वळवायचंय, आणि थोडं अवघड बोलायचंय.

लिंबच्या विहिरीला तीनशे वर्षं झाली, पिरॅमिडाला साडेचार हजार. शिलालेखात विरूबाईंचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं, कारण पाण्यावर पैसा घालणारे थोडे. पण काम करणारा एकही माणूस नाही. कमान कुणी चढवली, चोरजिना भिंतीत कसा बसवायचा हे कुणाच्या डोक्यात आलं, काहीच नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं अशी आठवण सांगतात, आणि त्याच्या समाधीला माझी काही हरकत नाही. पण साताऱ्याच्या पंचक्रोशीत पाथरवटाची समाधी मला कुणी दाखवली नाही.

आणि आता सांगली. इथलं गणपतीचं देऊळ थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधायला घेतलं, आणि ते पुरं व्हायला तीसेक वर्षं लागली, १८४४ च्या सुमारास. काळा दगड जोतिबाच्या डोंगरातून आणला असं परंपरा सांगते. जोतिबाचा डोंगर कुठं आणि सांगली कुठं, मध्ये कृष्णा. नावेवर की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर गाड्यांनी, कसाही आणला असेल, पण त्या वाटेवर रोज कुणीतरी मेररचंच काम केलं. फक्त रोजनिशी लिहिली नाही, किंवा लिहिली आणि पुढे कुणीतरी तिच्यात भाजी बांधून नेली.

असं काम करणारा वडार समाज तुम्हाला नवा नाही. गाडी वडार दगडाचे गाडे ओढतात, माती वडार मातीकाम करतात, पाथरवट जाती-पाटे घडवतात. सातारा-सांगलीतली धरणं, घाट, रेल्वेचे पूल, आपल्या आजोबांच्या विहिरी, हे सगळं त्यांच्याच हातचं काम. पहार, सुतकी, छिन्नी, पाचर, आणि दगडाची नस पाहायची नजर. नस सापडली तर चार पाचरींत शिळा उघडते, चुकली तर दिवसभर ठोका. हे शिकवणारं पुस्तक माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हतं.

लिंबच्या विहिरीवर एकाच वेळी पंधरा मोटा चालायची सोय होती, नाव मात्र बारा मोटेची. एका मोटेला दोन बैल धरले तरी तीस बैल. पंधरा धावा काठापासून चहूबाजूंना उतरत गेलेल्या, नाडा ताणला की बैल धावेनं खाली, मोट वर, थारोळ्यात पाणी धबाकन पडायचं आणि पाटानं आमराईकडे धावायचं, मग बैल उलटी पावलं टाकत मागे. पंधरा मोटकरी, पंधरा चाकांची कुरकूर, आणि पंधरा वेगळी गाणी. ही सगळी गजबज ज्या यंत्रानं बंद केली, ते आपल्याच जिल्ह्यात तयार झालं. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे तिथं पंप बनू लागले, आणि मोटेचं चामडं खुंटीला लागलं. बैलांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दुवाच दिला असेल.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. मी आटपाडीकडचा. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. तलावाचं काम होतं. हातात हातोडी, समोर दगडांची रास, डोक्यावर पदर. मोजणी व्हायची ती फोडलेल्या खडीच्या ढिगाची, फूटपट्टीनं. पैशांसोबत सुकडी मिळायची, आणि आम्ही पोरं त्या सुकडीच्या वाटेवर डोळे लावून बसायचो. आईला लिहिता येत नव्हतं. मस्टरवर तिच्या नावासमोर अंगठा असायचा. शनिवारी घरी आली की अंगठ्यावरची शाई ती भिंतीला पुसायची. आमच्या चुलीशेजारच्या भिंतीवर निळे डाग होते, मी पाढे पाठ करताना ते मोजायचो. तलाव अजून आहे, दोन वर्षांतून एकदा भरतो. ते मस्टर मात्र नाही. मी नोकरीला लागल्यावर एका कचेरीत चौकशी केली, तेव्हा कळलं की जुने कागद मुदत संपल्यावर निकालात काढतात. नियमानंच काढले असतील. मला राग आला नाही, पण मेररची रोजनिशी सापडल्याची बातमी वाचली त्या रात्री मला झोपही आली नाही. सपाट माळावर, पन्नासच वर्षांपूर्वीची हजेरी आपण हरवली, आणि नाईलकाठच्या नावाड्यांची हजेरी, एका गुहेच्या तोंडाशी दगडांखाली, साडेचार हजार वर्षं राहिली.

२०१७ साली म्यूऑन नावाच्या कणांच्या साहाय्यानं पिरॅमिडाची क्ष-किरणासारखी तपासणी झाली. हे कण वर वातावरणात तयार होऊन सतत आपल्या अंगावर पडत असतात, दगडातून आरपार जाताना काही अडतात, पोकळीतून जाताना कमी अडतात. त्यावरून महादालनाच्या वर किमान तीस मीटर लांबीची एक मोठी पोकळी आहे असं दिसलं. २०२३ मध्ये उत्तरेच्या अंगाला नऊ मीटर लांबीची वाट कॅमेरा सरकवून पाहिली. आत रिकामं. वर्तमानपत्रांनी लगेच खजिन्याची चित्रं काढली. मला विचाराल तर त्या मोठ्या पोकळीत सोनं निघू नये. गेरू निघावा.

आता शेवटचं. दोन वर्षांपूर्वी गावी आमची विहीर उपसली. जुनी, पंजोबांच्या वेळची, दगडी बांधणीची. गाळ काढायला आलेल्यांत एक म्हातारे वडार मामा होते, सत्तरी ओलांडलेले, काम पोरांवर सोपवून स्वतः पायरीवर बसलेले. मी त्यांना लिंबच्या विहिरीचं सांगत होतो, पिरॅमिडचं सांगत होतो. ते ऐकत होते आणि अंगठा भिंतीच्या दगडावरून फिरवत होते. चिऱ्याच्या तोंडावर टाकीचे घाव असतात, तिरप्या बारीक रेघा. मामा थांबले. म्हणाले, "मास्तर, हितनं पुढचं पाच चिरं एकाच मानसाचं. डावरा व्हता."

मी चष्मा लावून पाहिलं. त्या पाच दगडांवरच्या रेघा इतरांपेक्षा उलट्या तिरक्या होत्या. त्या विहिरीत मी लहानपणी पोहायला शिकलो. शंभर वेळा त्याच दगडांना धरून वर आलो असेन.

मामांनी बिडी पेटवली. मग विचारलं, "ते तुमच्या मिसरातल्या मुकादमानं भाकरी बी लिवून ठेवल्या म्हनलासा न्हवं?"

"हो."

"मग ह्या डावऱ्याला तुमच्या पंजानं काय दिलं, ते हाय का कुटं लिवल्यालं?"

नाही म्हटलं. ते उठले, आणि पोरांना ओरडून सांगितलं की त्या पाच दगडांवर पहार जपून लावा.